कोड आणि मोठी माय

इथे जबलपूरला माझं सगळं आयुष्य गेलं, तरी नवी शेजारीण राहायला आली की पहिल्या चार-सहा दिवसांत तिची नजर माझ्या हातांवर थांबतेच. ‘अम्मा, जल गया था क्या?’ असं ती जरा दबकत विचारते. मी म्हणते, ‘नहीं बेटी, रंग चला गया.’ मग ती माझ्या हातचा चहा घेते की काही निमित्त काढून उठते, तेवढं मी बघून ठेवते. बहुतेक जणी घेतात. मला आता त्याचं वाईट वाटत नाही, पण बघायची सवय गेली नाही. गेल्या वर्षी माझ्या नातीच्या, मुक्ताच्या, डोळ्याच्या कोपऱ्याशी तांदळाएवढा पांढरा ठिपका दिसला. तिच्या आईबापांनी तिला डॉक्टरकडे नेलं, मलम आणलं, आणि ते आपापल्या कामाला लागले. घाबरी झाले ती मीच. मुक्ताच मला म्हणाली, ‘आजी, तुझ्या वेळी काय केलं होतं?’ तोंडानं सांगायला गेले तर मधलंच आधी यायला लागलं, म्हणून लिहायला बसले आहे. माझी शाळा चौथीत सुटली. त्यामुळे नीट लिहिलं जाईल की नाही याची धास्ती वाटते. पण मोठ्या मायबद्दल कुठं तरी चार ओळी असाव्यात, असं फार वर्षांपासून मनात आहे.

आमचं घर अकोल्याकडच्या जऊळक्याचं. धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर. ओसरीत जातं, अंगणात कडूलिंब, मागे बैल. पहाटे आधी जातं सुरू व्हायचं, मग बैलांच्या गळ्यातल्या घंट्या, आणि मग टेसनावरून गाडीची शिट्टी. आमच्या घरात घड्याळ नव्हतं. पण गाडी गेली की भाकरी थापायला घ्यायच्या, हे मला चालता यायच्या आधीपासून ठाऊक असावं. घरात बाबा, माय, मी आणि मोठी माय. मोठी माय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा लवकर गेले. तिला मूलबाळ नव्हतं. घराच्या किल्ल्या तिच्याकडे, कोणत्या वावरात तूर पेरायची हेही तिला विचारूनच ठरायचं. अंगानं दणकट, रंगानं काळीभोर, बोलणं असं की गल्लीच्या पार टोकाला ऐकू जावं. तिच्या हातची आंबाडीची भाजी, वरून लसणाची कडकडीत फोडणी, सोबत ज्वारीची भाकर. इतकी वर्षं झाली, इथे आंबाडी मिळत नाही आणि मिळाली तरी ती चव येत नाही.

पहिला डाग माझ्या घोट्यावर आला, दुसरा डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी. मग करंगळीवर आणि बोटांच्या टोकांना. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. माझी माय स्वभावानं भित्री. तिनं पंधरवडाभर कुणाला सांगितलंच नाही. माझ्या हाताला हळद लाव, चुना लाव, असं तिचं चाललं होतं. आणि मग तिच्या डोक्यात एक विचार आला. आमच्याकडे धोबी कपड्यांवर बिब्यानं निशाण घालायचा. बिबा टोचून त्याचा काळा रस कापडाला लावला की ते निशाण कापड फाटेस्तोवर जात नाही. मायनं विचार केला, की धुऊन धुऊन कापडावरचं जात नाही, तर पोरीच्या अंगावरचं कसं जाईल? पांढऱ्यावर काळं बसवून टाकू. तिनं मला चुलीपाशी बसवलं, बिबा गरम केला आणि फार जिव्हाळ्यानं, फुंकर घालत घालत, माझे सगळे डाग रंगवले. ‘हलू नोको माय, आता कोनाले दिसनार नाही,’ असं ती म्हणत होती, हे मला स्पष्ट आठवतं. दुसऱ्या दिवशी बिबा उतला. हातापायावर टपोरे फोड आले, फुटले, पाणी वाहायला लागलं. जखमा भरायला महिना गेला आणि भरल्या तेव्हा डाग पहिल्यापेक्षा मोठे आणि जास्त पांढरे झाले होते. मुक्ताच्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, की या दुखण्यात कातडीला जिथे इजा होते, तिथे नवा डाग उठू शकतो. माझ्या मायला ते कोण सांगणार होतं?

पण त्या महिन्यात गावानं माझ्या अंगावरचे डाग पाहिले नाहीत, वाहत्या जखमा पाहिल्या. पांढरे डाग आणि वर जखमा, म्हणजे महारोग, असं विहिरीवर बोललं गेलं. गुरुजी काही बोलले नाहीत. कोणी बोलायच्या आधी बाबांनीच माझी पाटी घरी आणून ठेवली. एका बाईनं सांगितलं म्हणून माझं मीठ बंद झालं, दुसरीनं सांगितलं म्हणून आंबट, तिसरीनं वांगं आणि दूध. मी कोरी भाकर आणि अळणी वरण खायची. गल्लीतल्या पोरी खेळायला येईनाशा झाल्या. मग एक दिवस बाबा वावरात तुराट्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या आणि कपाशीच्या वाळल्या काड्या, नेऊ लागले, आणि मायच्या रडण्यावरून मला समजलं, की विहिरीजवळ झोपडी उभी राहते आहे आणि ती माझ्यासाठी आहे. बाबा दुष्ट नव्हते. त्यांनी मला जवळ घेऊन सांगितलं, ‘तिथं तुले कोनी बोलनार नाही. मी रोज येत जाईन.’ 

मोठी माय तेव्हा तिच्या माहेरी, रिठदला, भाच्याच्या लग्नाला गेली ती दोन महिने तिकडंच राहिली होती. परतली ती अंगणातच उभी राहून तिनं मला ‘कौशे!’ अशी हाक मारली. माझा हात उन्हात धरून उलटसुलट पाहिला. मग बाबांकडे वळली.

‘झोपडी कोनासाठी बांधून राह्यला?’

बाबांनी हातातल्या तुराट्या खाली ठेवल्या.

‘डाक्टरले दाखोलं?’

‘वहिनी, महारोगाले डाक्टर काय करीन?’

‘अन् महारोग हाय हे तुले कोनं सांगतलं? तुह्या बैलानं?’

बाबा म्हणाले, सारं गाव म्हणतंय. उद्या घरात कोणी पाणी प्यायला येणार नाही.  मोठी माय आरडाओरडा करील असं मला वाटलं होतं, पण ती शांतपणे म्हणाली, ‘ठीक हाय. उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया शेवयाले आपल्याच धाब्यावर येतात. या साली आल्या अन् कौशीच्या हाताशी हात लावून बसल्या, तं पोट्टी घरात राहीन. नाही आल्या, तं तू म्हनशीन तसं. तवरिक झोपडीले हात लावू नोको.’

बाबांनी मान हलवली. मी तिथंच उभी होते. माझ्या घराचं आता बायकांच्या येण्या न येण्यावर ठरणार, हे मला पुरतं कळलं होतं.

त्याच आठवड्यात तिनं मला आगगाडीत घालून अकोल्याला नेलं. जन्मात पहिल्यांदा मी गाडीत बसले, पण खिडकीतून काय दिसलं ते आठवत नाही. मी सारा वेळ हात पदरात, म्हणजे मोठ्या मायच्या पदरात, लपवून बसले होते. डॉक्टर म्हातारे होते, चष्म्याच्या काड्या दोऱ्यानं बांधलेल्या. त्यांनी मला डोळे मिटायला लावले. कापसाची वात डागाला लावायची आणि विचारायचं, कुठं लागलं? मी बोटानं दाखवायची. मग सुईचं टोक, मग गरम पाण्याची नळी, मग गारेगार. डागावर, डागाच्या बाजूला, पुन्हा डागावर. मला सगळं समजत होतं.

‘हा महारोग नाही,’ ते म्हणाले. ‘त्यात तो भाग मुका होतो, त्याला स्पर्श कळत नाही. हिच्या डागांना सगळं कळतं. हे कोड आहे. कातडीला रंग देणारं जे असतं, ते इथं थकून गेलं आहे, एवढंच. शिवून होत नाही, जेवल्यानं होत नाही, कुणाच्या पापानं होत नाही. आणि बाई, महारोग असता तरी पोरीला वावरात टाकायचं कारण नव्हतं. त्यावरही आता सुया देतात.’

‘मंग हे जाईन का?’ मोठ्या मायनं विचारलं.

‘काहींचं जातं. काहींचं अर्धं जातं. काहींचं जात नाही.’

‘अन् हिचं?’

‘ते मला माहीत नाही.’

मोठी माय त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग तिनं चक्क हात जोडले. बाहेर आल्यावर मला म्हणाली, ‘आजवर ज्यानं त्यानं ठासून सांगतलं. हा पह्यला मानूस भेटला, माहीत नाही म्हननारा. याचं आयकायचं.’ डॉक्टरांनी आणखी बरंच समजावलं होतं. डागातले केस काळे असतील तिथं आशा जास्त, केस पांढरे झाले तर कमी. बोटांची टोकं आणि ओठ फार हट्टी. खायला सगळं द्या. त्यांनी बावचीच्या बियांचं तेल दिलं. डागावर थेंबभर लावायचं, सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ बसायचं, मग धुऊन टाकायचं. ‘थोडा म्हणजे थोडाच,’ त्यांनी बोट उगारून सांगितलं. ‘लाल झालं तर बंद. या औषधानं भाजतं. जास्त लावलं म्हणजे लवकर बरं होईल, असं समजू नका.’

घरी आल्या आल्या तिनं आंबाडीची भाजी केली, मीठ घालून. ती खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माय म्हणत होती, ‘तिखट झाली का वं?’

आता थोडा वेळ म्हणजे किती, हे बिनघड्याळाच्या घरात ठरवायचं कसं? मोठ्या मायनं त्याची तोड काढली. सकाळी ती जात्यावर बसायची आणि मला समोर अंगणात उन्हात बसवायची. तेल लावलं की तिची ओवी सुरू. पहिल्या आठवड्यात दोन ओव्या झाल्या की ओरडायची, ‘ऊठ, सावलीत जाय!’ पुढच्या आठवड्यात एक ओवी वाढली. मला कंटाळा येऊ नये म्हणून ती ओव्यांत माझं नाव घालायची, बैलाचं घालायची, डॉक्टरच्या चष्म्याच्या दोऱ्याचंही घालायची. एका सकाळी हात जरा लाल दिसला, तर तिनं चार दिवस तेलाची बाटली उतरंडीच्या तळाशी ठेवून दिली. मायला फार घाई होती. ती म्हणायची, ‘दोन थेंब जादा लावले तं काय होते?’ मोठी माय म्हणायची, ‘बिबा इसरली का?’ पण असं एकदाच म्हणाली. नंतर कधी ती मायला बिब्यावरून बोलली नाही.

हळूहळू घोट्यावरच्या डागात, केसांच्या मुळांशी, तिळासारखे काळसर ठिपके उमटायला लागले. पुढं दोन-तीन वर्षांत ते एकमेकांना मिळाले आणि घोटा भरून आला. हातांचं काही झालं नाही, उलट पसरलं. डॉक्टर म्हणाले होते तसंच. मुक्ताच्या डॉक्टरांना बावचीचं सांगितलं तेव्हा मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, त्याच बीतलं सत्त्व काढून पुढं औषधं झाली, पण घरच्या घरी ते लावू नका, फार भाजतं. आता मलमं आहेत, यंत्रातल्या ठरावीक उजेडाखाली उभं करतात, डाग वाढायचा थांबला असेल तर मांडीची कातडी काढून डागावर लावतात. अंगातलीच राखण करणारी ताकद चुकून आपल्याच रंगावर उठते, असं त्यांनी समजावलं आणि मुक्ताचं रक्तही तपासलं. मी विचारलं, ‘जाईल ना?’ ते म्हणाले, ‘चेहऱ्यावरचं बहुधा भरतं. पण वचन देत नाही.’ मला एकदम बरं वाटलं. सुनेला त्याचं नवल वाटलं.

तर चैत्र संपत आला आणि शेवयांचे दिवस आले. आमच्याकडे त्या पाटावर करतात. बारीक खाचा कोरलेला लांब पाट बाजेला तिरपा लावायचा. एकीनं वर बसून कणकेचा गोळा तळहातानं रगडायचा, दुसरीनं खाली बसून सुटणाऱ्या शेवया झेलायच्या आणि अलगद ओढून धरायच्या, तिसरीनं त्या तुराटीवर वाळत टाकायच्या. सगळ्या शेवया झेलणारीच्या हातातून जातात. मागच्या साली झेलायला मी होते. सबंध गल्लीत चांगला पाट एकच, तो आमचा. म्हणून सगळ्या आमच्या धाब्यावर यायच्या. त्या साली कोणी आलं नाही. मोठ्या मायनं पहिल्या दिवशी फक्त मायला घेऊन पाट लावला, शेवया वाळत घातल्या. बाबा खालून दोनदा वर बघून गेले.

दुसऱ्या दिवशी देवकाबाई आल्या. गल्लीतली सगळ्यात मोठी बाई, शेवयांत त्यांचा हात कोणी धरायचा नाही. त्यांनी केलेल्या शेवया सुईत ओवता याव्यात इतक्या बारीक. त्यांच्या मागं पाच-सहा जणी होत्या. सगळ्या जिन्याच्या तोंडाशी थांबल्या.

‘सरसाबाई, पाट न्याले आलो,’ देवकाबाई म्हणाल्या. ‘या साली आमच्या धाब्यावर करतो.’

‘न्या ना. पाट का माह्या बापाचा हाय?’ मोठी माय म्हणाली. ‘पन आंधी बसा. पोट्टीले पाह्यून घ्या, मंग डोक्शावर घेऊन जा पाट.’

तिनं मला पुढं ओढलं. डॉक्टरांनी काय केलं, काय सांगितलं, ते सगळं तिनं बायकांना सांगितलं. देवकाबाई मान हलवत होत्या, पण ती मान ‘हो’ची नव्हती.

‘डाक्टर काय, पैसे घेतले म्हनजे चांगलंच सांगीन. मी सोता पाहीन तवा खरं.’

‘मंग पाहा! माह्या हातानं नोको, तुमच्या हातानं.’

मोठ्या मायनं मागून माझ्या डोळ्यांवर पदर धरला आणि वर तळहात दाबला. कापूस नव्हता, सुई नव्हती. देवकाबाईंनी तुराटीवरची एक वाळलेली शेवई उचलली, ते मी शेवटचं पाहिलं.

‘सांग, कुठं?’

‘अंगठ्याच्या मुळाशी.’

‘आता?’

‘करंगळीवर.’

‘आता?’

‘घोट्यावर. नाही, घोट्याच्या बाजूला.’

कोणी तरी म्हणालं, ‘अवो, गुदगुल्या कायले करता? पोट्टी हासून राह्यली.’ खरंच मला हसू येत होतं. उन्हात वाळलेली शेवई फार हलकी लागते. मग देवकाबाई म्हणाल्या, ‘आता?’

मला काही लागलं नाही.

मी वाट पाहिली. हातावर काही नाही, पायावर काही नाही. ‘सांग ना, कुठं?’ त्यांनी पुन्हा विचारलं. माझ्या तोंडाशी आलं, की ‘बोटावर’ म्हणावं. काही तरी सांगितलं तर कदाचित जुळेल. नाही सांगितलं तर माझे डाग मुके ठरतात, आणि मग वावर, झोपडी, बाबांचं ‘रोज येत जाईन’. पण चुकीचं सांगितलं तर?  मी म्हटलं, ‘नाही लागलं. काहीच नाही लागलं.’

 मोठ्या मायनं माझ्या डोळ्यांवरचा हात काढला नाही, की मला खुणेनं दाबलंही नाही. नुसती उभी राहिली. आज इतक्या वर्षांनी मला तिचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याच क्षणाचं. डॉक्टरवर आणि माझ्यावर विश्वास ठेवून ती गप्प राहिली.

‘खरं बोलते पोट्टी,’ देवकाबाई म्हणाल्या. ‘मी शेवई टेकोलीच नोती.’

मोठ्या मायनं माझ्या डोळ्यांवरचा पदर ओढून काढला. ‘अवो देवकाबाई, माह्या जिवाचं पानी केलं ना तुमी!’

‘मंग? तुमी डाक्टरले पाह्यलं, मी पोट्टीले पाह्यलं. अंदाजानं सांगत असती, तं आता काही बी ठोकून देल्लं असतं तिनं.’ आणि माझ्या अंगाला लावलेली ती शेवई त्यांनी तोंडात टाकली, कडकड चावली. ‘मीठ कमी पडलं, सरसाबाई.’

सगळ्या हसल्या. सगळ्या नाही. चंद्रभागाबाई पदर सावरून जिना उतरून गेल्या, आणि पुढे कित्येक उन्हाळे त्या आमच्या धाब्यावर चढल्या नाहीत. खाली बाबा जिन्याला टेकून उभे होते, असं मायनं नंतर सांगितलं. बाकीच्या बसल्या. देवकाबाईंनी पाट नेला नाही, त्याच्या वरच्या टोकाला जाऊन बसल्या, लुगडं खोचलं, कणकेचा गोळा घेतला. खाली झेलायची जागा रिकामी होती. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी हात धुऊन जाऊन बसले. शेवया सुटायला लागल्या, माझ्या पांढऱ्या बोटांवर उतरायला लागल्या. मी त्या इतक्या भीत भीत धरत होते, की त्या सैल सुटून जाड राहायला लागल्या.

डाग आल्यापासून घरात आणि दारात सगळे माझ्याशी हळू बोलत होते. रागावायचंही सगळ्यांनी सोडून दिलं होतं. देवकाबाई वरून माझ्यावर खेकसल्या, ‘अवं, ताणून धर ना! एवढ्या जाड्या कोन खाईन?’

मी ताणून धरल्या.